संख्येचे पाप

माघ महिन्यातल्या एका सकाळी आगशीकडचे एक वयस्क शेतकरी माझ्या कचेरीत आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले वांग्याचे एक झाड होते. अशील बहुधा कागदपत्रे घेऊन येतात, क्वचित एखादा नारळ वा फणस घेऊन येतो. परंतु पुरावा मुळासकट उपटून आणणारा अशील मी प्रथमच पाहत होतो. झाड मलूल झाले होते, पण पिवळे पडले नव्हते. पाने हिरवीगार होती आणि तरीही त्यांनी माना टाकल्या होत्या. "झाडां काल बरीं आशिल्लीं, बाब, आज बावलीं," एवढे बोलून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पेलाभर पाणी मागितले.

पाणी पिण्यासाठी हवे असेल असे मला वाटले. त्यांनी खिशातून चाकू काढला, झाडाचे खोड तिरपे कापले आणि कापलेले टोक पेल्यातल्या पाण्यात धरले. क्षणभर काहीच झाले नाही. मग त्या टोकातून दुधासारखा पांढरा, सुतासारखा बारीक धागा निघाला आणि सावकाश पेल्याच्या तळाकडे उतरू लागला. ही परीक्षा त्यांना कोणा कृषी अधिकाऱ्याने शिकवली होती. झाडाच्या आत दाटीवाटीने राहणारे असंख्य जंतू त्या धाग्याच्या रूपाने बाहेर पडत होते.

त्यांचे गाऱ्हाणे थोडक्यात असे होते. वरच्या शेतात हा रोग आधी लागला. त्या शेतकऱ्याने मेलेली झाडे उपटली नाहीत, आणि आपल्या शेतातले पाणी पाटाने खालच्या शेतात येऊ दिले. आता यांची निम्म्याहून अधिक वांगी गेली. मनाईहुकूम हवा होता, नुकसानभरपाई हवी होती. "आतां सांगात, गुन्यांवकार कोण?" असे त्यांनी शेवटी विचारले.

पाहू, वाचून सांगतो, असे वकिली उत्तर मी दिले. ते गेल्यावर पेल्यातले गढूळ पाणी खिडकीबाहेर टाकले आणि पुढच्या अशिलाला आत बोलावले.

वकिलाला परकी विद्या उसनी घ्यावी लागते. विषप्रयोगाचा खटला आला की विषांविषयी वाचावे, पूल कोसळला की लोखंड व सिमेंट यांच्याविषयी वाचावे, आणि निकाल लागला की सगळे विसरून जावे, हा आमचा क्रम. या वेळी मात्र तो मोडला. वांग्याच्या मर रोगाविषयी जे वाचले त्याचा दाव्याला फारसा उपयोग झाला नाही. उलट माझ्याच आयुष्यातले एक जुने प्रकरण त्याने पुन्हा सुनावणीस आणले. म्हणून हा लेख.

ज्या जंतूमुळे ही मर होते त्याचे वर्णन अमेरिकेच्या कृषी खात्यातील अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली केले. तेव्हापासून त्याची नावे अनेकदा बदलली. १९९५ पासून तो रॅल्स्टोनिया या नावाने ओळखला जातो, आणि २०१४ साली शास्त्रज्ञांनी त्या एका जातीच्या तीन जाती केल्या. भारतात मुख्यतः आढळते ती त्यांपैकी रॅल्स्टोनिया स्यूडोसोलानासिएरम. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा, आले, केळ अशा दोनशेंहून अधिक वनस्पतींना या घराण्याचा उपद्रव होतो. गोव्यातल्या उष्ण, ओलसर हवेत आणि आम्लधर्मी जमिनीत तो चांगलाच रुजला आहे. जुन्या गोव्याजवळ एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत या मरीला दाद न देणाऱ्या वांग्याच्या जातींवर बरेच काम झाले आहे, यावरून या शत्रूचे येथील स्थान लक्षात येईल.

हा जंतू मातीत आणि पाण्यात दीर्घकाळ राहतो. मुळाला झालेल्या जखमेतून, किंवा जेथे उपमुळे फुटतात त्या फटीतून तो आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकांपर्यंत पोचतो. तेथे त्याची संख्या वाढते, आणि मग तो एक चिकट, बुळबुळीत, शर्करामय द्रव्य मोठ्या प्रमाणावर तयार करू लागतो. या द्रव्याने नलिका तुंबतात. मुळाशी ओल असूनही झाड तहानेने मरते. माझ्या अशिलाचे झाड हिरवे असतानाच का कोमेजले होते याचा उलगडा मला येथे झाला.

१९५४ साली आर्थर केल्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक महत्त्वाची गोष्ट नजरेस आणली. विशिष्ट रंगद्रव्य घातलेल्या खाद्यावर हे जंतू वाढवले असता त्यांच्या वसाहती दोन प्रकारच्या दिसतात. काही ओघळणाऱ्या, वेड्यावाकड्या आकाराच्या, पांढऱ्या आणि मध्ये गुलाबी झाक असलेल्या. काही लहान, वाटोळ्या आणि गडद लाल. पहिल्या प्रकारचे जंतू झाडाला मारतात, दुसऱ्या प्रकारचे जवळजवळ निरुपद्रवी असतात. आश्चर्य असे की दुष्ट जंतूंची शुद्ध वसाहत बरेच दिवस तशीच ठेवली तर तिच्यातूनच हे लाल, सौम्य जंतू आपोआप निपजतात. एका कुळातले, एका रक्ताचे. परंतु एक मारेकरी आणि दुसरा निरुपद्रवी.

हा फरक कशाने पडतो? १९९० च्या सुमारास अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात टिमोथी डेनी व त्यांचे सहकारी यांनी त्याचे उत्तर शोधले. जंतूच्या सुमारे पाच हजार जनुकांपैकी एकच जनुक बिघडले की हे सारे स्थित्यंतर घडते. त्या जनुकाला पीएचसीए असे नाव आहे. त्यात बिघाड झाला की बुळबुळीत द्रव्य बनेनासे होते, झाडाच्या पेशींची भिंत कुरतडणारी काही द्रव्ये कमी होतात, आणि जंतूची घातकता जवळजवळ नाहीशी होते.

येथे माझ्यातला वकील जागा झाला. एवढ्या मोठ्या कटाचा सूत्रधार हाती लागला होता. त्याला पिंजऱ्यात उभे करावे आणि उलटतपासणी घ्यावी, की काम फत्ते! परंतु उलटतपासणीत हा आरोपी भलताच चिवट निघाला. त्याने कोणतेही विष बनवलेले नाही. बुळबुळीत द्रव्य बनवणारी जनुके वेगळी आहेत, पेशींची भिंत कुरतडणारी वेगळी. पीएचसीए फक्त हुकूम सोडते : अमक्याने आता कामाला लागावे, तमक्याने आता थांबावे. बरे, हा हुकूम तरी ते स्वतःच्या मर्जीने सोडते काय? तसेही नाही. ते एका गोष्टीची वाट पाहत असते. आणि ती गोष्ट म्हणजे संख्या.

प्रत्येक जंतू एक विशिष्ट रासायनिक द्रव्य अत्यल्प प्रमाणात बाहेर सोडत असतो. या द्रव्याची ओळख १९९७ साली पटली. मोकळ्या मातीत किंवा वाहत्या पाण्यात ते विरून जाते. पण झाडाच्या अरुंद नलिकेत जंतूंची दाटी झाली की ते साठत जाते. जंतू विरळ असतात तोवर दुसऱ्या काही जनुकांनी पीएचसीएला दाबून ठेवलेले असते. दर घनसेंटिमीटरला सुमारे एक कोटी जंतू झाले आणि त्या द्रव्याचे प्रमाण पुरेसे वाढले की हा दाब उठतो, पीएचसीए मोकळे होते आणि सारी वसाहत एकदमच पालटते. तोपर्यंत जंतू हालचाल करतो, आत शिरण्याच्या वाटा शोधतो, मिळेल ते अन्न गोळा करतो; त्यानंतर तो झाडाचा गळा आवळू लागतो. अर्थात सुरुवातीचा काळही काही सात्त्विक नसतो. कुलूप तोडून घरात शिरलेल्या माणसाने अजून कोणाला हात लावलेला नाही, इतकेच त्याच्याबद्दल म्हणता येईल.

या साऱ्या व्यवहाराला शास्त्रज्ञांनी जे इंग्रजी नाव दिले ते १९९४ सालचे, आणि त्यात 'कोरम' हा सभाशास्त्रातला शब्द आहे. आपण त्याला गणपूर्ती म्हणतो. नाव शोधणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एकाला हा शब्द कौटुंबिक गप्पांत एका नातेवाइकाने सुचवला, आणि तो नातेवाईक धंद्याने वकील होता, अशी हकीकत सांगतात. ती वाचून मला व्यवसायबंधूचा अभिमान वाटला आणि थोडी अस्वस्थताही वाटली. जंतूंचे वर्तन पाहून वकिलाला नेमका हाच शब्द का सुचावा?

त्याचे कारण उघड आहे. संख्येने कृत्याचे स्वरूप पालटते, हे कायदा फार पूर्वीपासून जाणून आहे. आमच्या दंडविधानात हा आकडा पाच आहे. पाच किंवा अधिक माणसे विशिष्ट बेकायदा उद्देशाने एकत्र आली की तो बेकायदेशीर जमाव होतो, आणि त्या उद्देशाच्या पूर्तीसाठी एकाने केलेल्या गुन्ह्यास सारे सभासद जबाबदार ठरतात. १८६० च्या संहितेतील १४१ आणि १४९ ही कलमे वकिलांच्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ होती; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांचे क्रमांक १८९ आणि १९० झाले आहेत. क्रमांक बदलले, पाचाचा आकडा तसाच राहिला. चौघांनी केलेले कृत्य या कलमात बसत नाही. पाचवा येऊन उभा राहिला की बसते. जंतूचा आकडा एक कोटी, माणसाचा पाच. माणूस किती लवकर बिघडतो याविषयी कायदेपंडितांचे मत काय होते ते यावरून दिसून येईल!

परंतु पाचवा माणूस नुसता उभा असेल तर? येथे न्यायालयांनाही बराच विचार करावा लागला आहे. १९५६ साली बलादीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे मत मांडले की जमावात केवळ हजर असण्याने कोणी त्याचा सभासद होत नाही. त्याने काहीतरी केले वा करायचे टाळले असे दिसले पाहिजे. पुढे १९६४ साली मसलती खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की ते मत त्या खटल्याच्या वस्तुस्थितीपुरते समजावे. समान उद्देश मनात धरून जो जमावात सामील झाला त्याने स्वतः हात उचलला होता हे स्वतंत्रपणे सिद्ध करण्याची गरज नाही. मात्र मोठ्या जमावात निरपराध माणूसही गोवला जाऊ नये म्हणून एकाहून अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे ओळखलेल्यांनाच दोषी धरण्याची सावधगिरी न्यायालयाने मान्य केली. दोन्ही निर्णय मी विद्यार्थिदशेत वाचले, परीक्षेत लिहिले आणि त्यांवर चांगले गुणही मिळवले. त्याच वर्षी घडलेली एक गोष्ट मात्र त्या निर्णयांशी जोडून पाहण्याचे मला सुचले नाही.

आम्हांला एक वयोवृद्ध प्राध्यापक शिकवीत. विषयात ते निष्णात होते, परंतु बोलताना अडखळत. एखादा शब्द अडला की डोळे मिटून थांबत आणि तो शब्द सुटेपर्यंत पुढे जात नसत. वर्गात साठ-सत्तर मुले होती. एके दिवशी ते असेच अडले असता मागच्या बाकावरून कोणीतरी बुटाने जमिनीवर हलकेच ठोकले. मग दुसऱ्याने ठोकले. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्या क्षणाची माझी आठवण अगदी स्पष्ट आहे. मी लगेच ठोकले नाही. मी ऐकत होतो. पाच, सात, दहा. मग आवाज एकमेकांत मिसळू लागले आणि कोणाचा बूट कोणता हे कळेनासे झाले. तेव्हा, आणि तेव्हाच, मी माझा पाय हलवला. तोही अगदी हळू.

प्राध्यापकांनी डोळे उघडले, पुस्तक मिटले, काखेत धरले आणि ते वर्गाबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. पुढे त्यांनी नोकरी सोडल्याचे कळले. चौकशी झाली. प्रत्येकाला एकेकट्याला बोलावून विचारण्यात आले, आणि मला वाटते, प्रत्येकाने एकच उत्तर दिले : मी अगदी हळू ठोकले. या उत्तरात खोटे काही नव्हते. साठ हळू ठोक्यांचा तो गडगडाट झाला होता, आणि त्याचा धनी कोणीच नव्हता.

अनेक वर्षे मी स्वतःला असे समजावीत आलो की अपराध झाला खरा, पण माझ्या वाट्याला त्याचा साठावा हिस्सा आला. वाटणीच्या दाव्यात शोभणारा हा हिशेब आहे. झाडाच्या नलिकेतले ते जंतू वाचनात आले आणि हा हिशेब कोठे चुकतो ते माझ्या ध्यानात आले.

जंतू जे द्रव्य बाहेर सोडतो ते स्वतः विषारी नसते. त्याने झाडाचे काही बिघडत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की मी येथे आहे. परंतु प्रत्येक जंतू त्याच द्रव्यावरून इतरांची मोजदाद करीत असतो, म्हणजे प्रत्येक जण एकाच वेळी मोजणारा असतो आणि मोजला जाणाराही असतो. माझ्या बुटाचा तो हळू आवाज असाच होता. त्याने प्राध्यापकांना इजा झाली नसेल. पण माझ्या पुढच्या बाकावर कोणीतरी तेव्हा मोजत बसला असेल, आणि त्याला जो आकडा हवा होता तो माझ्या ठोक्याने पुरा झाला असेल. मी दुसऱ्यांच्या आड लपलो ही माझ्या अपराधाची एक बाजू; दुसऱ्या कोणाला लपण्यासाठी मी आडोसा झालो ही दुसरी. या दुसऱ्या बाजूची साठांत वाटणी होत नाही. ती ज्याची त्याची संपूर्ण असते.

म्हणून मला असे वाटू लागले आहे की समुदायाने केलेल्या पापात व्यक्तीचा दोष कोठे सुरू होतो हे पाहताना आपण चुकीच्या क्षणाकडे पाहतो. पहिला दगड कोणी मारला हे आपण शोधतो. दगड सुटला त्या वेळी गणपूर्ती केव्हाच झालेली असते. दोषाचा उगम त्याच्या बराच आधी, एखाद्या हसण्यात, मान डोलावण्यात, 'लोक म्हणतात ते काही खोटे नाही' अशा एखाद्या वाक्यात असतो. हे वाक्य उच्चारताना त्याने कोणाचे रक्त सांडत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु ते कोणीतरी मोजलेले असते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच घेतो, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडून ठेवावे अशी आम्हांला शिकवण आहे. जंतूचे उदाहरण माणसाच्या विरुद्ध जाण्याऐवजी त्याच्या बाजूने जात नाही काय? गर्दीत गेल्यावर आपले भान हरपते, आपल्यातले काहीतरी आपल्याला न विचारता मोकळे सुटते, असे जर निसर्गातच घडत असेल, तर त्या साठ मुलांना तरी दोष का द्यावा? जंतूवर कोणी फिर्याद लावत नाही.

खरे आहे; आणि म्हणूनच हा बचाव करणाऱ्याने त्याची किंमत नीट समजून घ्यावी. जंतूवर फिर्याद लागत नाही, कारण संख्या आणि कृती यांच्यामध्ये त्याच्या ठायी दुसरे काहीच नाही. माझ्या बाबतीत तसे नव्हते. दहा आवाज ऐकू येणे आणि माझा पाय हलणे यांच्यामध्ये मी होतो. मला प्राध्यापकांचा चेहरा दिसत होता. उद्या त्यांना घरी जाऊन काय वाटेल ही कल्पना माझ्या मनात येऊन गेली होती. गर्दीने माझे भान हरपले नव्हते. उलट गर्दी पुरेशी झाली आहे की नाही याचा मी पुऱ्या भानाने अंदाज घेतला होता. 'गर्दीने मला करायला लावले' असे म्हणणारा माणूस दोषातून सुटतो खरा, पण सुटताना माणूसपणावरचा आपला हक्क सोडून देतो. एवढी मोठी तडजोड मी माझ्या अशिलाला कधी सुचवणार नाही.

आता त्या लाल, सौम्य जंतूंकडे वळू. त्यांना पाहून प्रथम मला बरे वाटले होते. सारे पालटले तरी काही जण पालटत नाहीत, हुकूम आला तरी ते मानत नाहीत, असे वाटून मी त्यांना मनोमन सत्याग्रही ठरवून टाकले होते. पण अधिक वाचल्यावर ही कल्पना सोडून द्यावी लागली. २०१६ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले की घातकतेची ही सामग्री जंतूला बरीच महाग पडते. त्याची पुष्कळ शक्ती तिच्यात खर्च होते. ज्याचे पीएचसीए बिघडले आहे त्याचा हा खर्च वाचतो, तो अधिक वेगाने वाढतो आणि अधिक प्रकारच्या अन्नांवर जगू शकतो. म्हणजे लाल जंतूचा निरुपद्रवीपणा हा त्याग नसून काटकसर आहे.

याहून बोधप्रद असे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. पीएचसीए जनुकातला काही मजकूर चुकून दोनदा लिहिला गेल्यामुळे जे जंतू सौम्य झाले होते, त्यांपैकी काहींना रोगाला बळी पडणाऱ्या वनस्पतीचा सहवास मिळाला तेव्हा तो जादा मजकूर गळून गेलेले, पूर्ववत घातक जंतू त्यांच्यातून निर्माण झाले. जोवर समोर झाड नव्हते तोवर ते साधू होते.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. माझ्या परिचयातल्या कित्येक सज्जनांची, आणि त्यांत मी स्वतःही आलो, सज्जनता याच जातीची नाही कशावरून? कोणाला छळले नाही, कारण छळता येईल असा कोणी हाताखाली नव्हता. लाच घेतली नाही, कारण कोणी देऊ केली नाही. जमावात गेलो नाही, कारण त्या दिवशी गावात जमाव नव्हता. निरुपद्रवीपणा आणि चांगुलपणा बाहेरून सारखेच दिसतात. त्यांतला फरक कळण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : समोर बळी असावा, पाठीशी संख्या असावी, आणि कोणी विचारणार नाही याची खात्री असावी. हे तिन्ही योग जुळून आलेले असताना ज्याने पाय हलवला नाही त्याच्याविषयीच काही म्हणता येईल. आमच्या वर्गात असा कोणी होता का? असलाच, तर त्या गडगडाटात त्याचे न ठोकणे कोणालाही ऐकू गेले नाही. चांगुलपणाची ही एक अडचणच आहे.

कायद्याने इतके खोल जावे असे मात्र मी म्हणणार नाही. हसण्याला, मान डोलावण्याला, हळू ठोकण्याला शिक्षा देऊ पाहणारे सरकार जमावाहूनही भयंकर ठरेल. बलादीन खटल्यातला संकोच आणि मसलती खटल्यातली सावधगिरी दोन्ही मला योग्य वाटतात. न्यायालयाला दुसऱ्याच्या मनात शिरता येत नाही, आणि जेथे शिरता येत नाही तेथे त्याने पुरावा मागावा हेच बरे. सदसद्विवेकाच्या न्यायासनापुढे गोष्ट वेगळी. तेथे आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असतो, आणि तो किती आकड्याला थांबला होता हे त्याला ठाऊक असते.

माझ्या अशिलाचे काय झाले ते सांगून हा लेख संपवतो. दाव्याचा मसुदा करण्यापूर्वी मी त्यांना पुन्हा बोलावले आणि काही प्रश्न विचारले. मर यंदा प्रथमच आली काय? नाही, गेल्या वर्षीही आली होती. थोडी, बांधाकडच्या ओळीत. त्या वेळी मेलेली झाडे उपटली काय? उपटली. मग ती कोठे टाकली? ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग त्यांनी हाताने खूण केली : पाटात. तो पाट त्यांच्या शेतावरून आणखी खाली, तिसऱ्या एका शेतकऱ्याकडे जात होता. "चार झाडां, बाब," ते म्हणाले. "चारूच."

मी त्यांना हसलो नाही. मला ते उत्तर ओळखीचे होते.

दावा दाखल झाला नाही. तिघांनाही एका बाकावर बसवले. मेलेले झाड मुळांसह आणि भोवतालच्या मातीसह काढून जाळायचे, पाटात काही टाकायचे नाही, वांग्याची जागा आलटून-पालटून बदलायची, आणि पुढच्या हंगामात रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे लावून पाहायची, असे ठरले. कृषी अधिकारी हेच कित्येक वर्षे सांगत आले आहेत. मी त्यात स्टॅम्पपेपरची भर घातली, एवढेच. तिघे उठून गेले तेव्हा दुसऱ्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्याचे जे समाधान असते ते मला पुरेपूर लाभले होते.

त्याच समाधानात मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि खाली पाहिले. माझ्या कारकुनाने तेथे मिरचीची तीन रोपे लावली आहेत, आणि पहिल्या दिवशी तो पेला मी याच खिडकीतून रिकामा केला होता. इतके सगळे वाचूनही मला त्याची आठवण झाली नव्हती.

मिरचीची रोपे अजून उभी आहेत. पण ती उभी आहेत यात माझे पुण्य काहीच नाही.